टाचेची सवय

“आई, तू शेवटची कधी धावलीस? आणि बसमागे धावलेलं धरायचं नाही हं!”

प्रश्न भिंगरीच्या तोंडून निघाला खरा, पण होता तिच्या मैत्रिणींचा. चष्मिश आणि बुटकीनं पैज लावून तिला बाकापर्यंत ढकललं होतं आणि आता दोघी स्केटिंगच्या रिंगणाच्या कठड्याआड तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. भिंगरी हे तिचं घरातलं नाव. चाकांचे बूट पायात चढले की ही पोरगी थांबायचं नाव घेत नसे. शाळेच्या संघात निवड झाल्यापासून तर तिचे पाय जमिनीला लागत नव्हते आणि जीभ टाळ्याला.

आई बाकावर बसली होती, मांडीवर तिघींच्या पिशव्या. कुणी चिडवलं तर हसून सोडून देणारी बाई, पण आज तिनं खरंच विचार केला.

“आठवत नाही गं,” ती म्हणाली. मग पिशव्या एकेक करून बाजूला ठेवल्या. “तुझे बूट मला होतील का?”

कठड्याआडून दोन किंकाळ्या आल्या. बूट झाले. मायलेकींचं माप एकच निघालं.

त्यानंतर दर रविवारी आधी भिंगरी खेळायची आणि मग तेच बूट आई घालायची. आधी कठडा धरून, मग भिंगरीचा खांदा धरून. आणि एका रविवारी तिनं खांदाही सोडला. आईला असं पोटातून, खिदळून हसता येतं हे भिंगरीला तोवर ठाऊकच नव्हतं. “काकू, सुसाट!” चष्मिश ओरडली. तेवढ्यात एक चिमुरडं आडवं आलं.

थांबायला हवं होतं. बुटाच्या पुढच्या टोकाला रबराचा गट्टू असतो, पंजा टेकवला की चाकं थांबतात. भिंगरीनं ते दहादा सांगितलं होतं. पण आई शिवणकारखान्यात शर्टाच्या कॉलरी जोडायची आणि तिथल्या मोटरच्या मशीनचं बरोबर उलटं असतं. पंजा दाबला की मशीन पळतं, टाच दाबली की थांबतं. ऐन वेळी डोकं कुठं चालतं? वर्षानुवर्षांचा पाय चालला. आईनं जीव खाऊन टाच दाबली. बूट पुढे गेले, आई मागे गेली आणि उजवा हात तिच्या अंगाखाली सापडला.

मनगटाचं हाड मोडलं. कारखान्यातून मुकादमाचा फोन आला. आईच्या मशीनवर दुसरी बाई बसवली होती. “हात बरा झाला की बघू,” तो म्हणाला. बघू म्हणजे काय, ते घरात सगळ्यांनाच कळलं.

मग आत्या आली. आल्या आल्या प्लास्टरकडे बघून म्हणाली, “याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण! काय वहिनी, पोरीच्या लग्नाचं वय आलं आणि तुम्हाला चाकं फुटली?”

“मी बोललोच होतो,” बाबा म्हणाले. ते असं काहीच बोलले नव्हते.

भिंगरीची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथं खिळ्याला एक बॅट टांगलेली होती. गेल्या वर्षी बाबांच्या ऑफिसात सामना झाला. जन्मात ज्यांनी बॅट धरली नव्हती ते बाबा एक धाव काढायला पळाले आणि अर्ध्यात गुडघा पिरगाळून बसले. तेव्हा हीच आत्या म्हणाली होती, “वाघ आहे माझा भाऊ!” साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे फळं घेऊन आले आणि प्लास्टरवर सह्या करून गेले. आई दिवसभर कॉलरी जोडून यायची आणि आल्या आल्या आधी तो पाय उशीवर नीट ठेवायची. वयाचा विषय कुणी काढला नाही. वर ती बॅट भिंतीवर चढली, जशी काही लढाईहून आणलेली तलवार.

आईचं प्लास्टर मात्र पांढरं फटक होतं.

“ते बूट विकून टाकू,” बाबा म्हणाले. “आणि भिंगरे, तुझंही आता पुरे. उद्या तुझा हात मोडला तर? एकीनं दिवे लावले तेवढे बास.”

“बाबा, मी संघात आहे!”

“संघ गेला खड्ड्यात.”

भिंगरीनं आईकडे पाहिलं. आता आई बोलेल. बोलायलाच हवं. आई चहाच्या कपाकडे बघत होती. डाव्या हातानं कप धरायची तिला अजून सवय झाली नव्हती.

“बरोबर म्हणतायत ते,” आई म्हणाली. “माझं मशीन गेलं. आता आणखी काही नको.”

“बघ! वहिनींनाही पटलं,” आत्या म्हणाली.

भिंगरीनं मान खाली घातली आणि टेबलाखाली तिला आईचा उजवा पाय दिसला. टाच उचललेली होती आणि पंजा फरशीवर दाबला जात होता. टाच उचलायची, पंजा दाबायचा, पुन्हा टाच उचलायची. गेलेलं मशीन चालवत होती की थांबायला शिकत होती, कोण जाणे. आईला तरी कुठं माहीत होतं?

भिंगरी उठली. कोपऱ्यातले बूट घेतले, त्यांच्या नाड्या एकमेकींत बांधल्या आणि खुर्चीवर चढून ते बॅटीच्याच खिळ्याला अडकवले. बॅट खडखडली.

“अगं ए, भिंत रंगवलीय!” बाबा ओरडले.

“बाबा, आई, दोघंही ऐका,” ती वरूनच म्हणाली. “रविवारी मी जाणार. आईनं यायचं की नाही ते आई ठरवेल, तुम्ही नाही आणि आत्या तर नाहीच. आईचा हात सुटेपर्यंत सकाळची भांडी माझी, संध्याकाळची तुमची. गुडघा बरा झालाय ना आता? आणि बूट इथंच राहतील. ज्या दिवशी ही बॅट विकाल, त्या दिवशी बूट विकू.”