त्रेचाळीस सह्या

सकाळी दहाला थोरलीने कामाच्या खोलीचं कुलूप काढलं, खिडकी उघडली आणि रोजच्यासारखी आधी खालच्या लाँड्रीला शिव्या घातल्या. तिथली वाफ वर येऊन संगणकांच्या पडद्यांवर बसायची. या खोलीत ती आणि तिची धाकटी बहीण व्हिडिओ गेम बनवत. थोरली प्रोग्रॅम लिही, धाकटी चित्रं काढी. पुरात अडकलेली माणसं-जनावरं पलीकडे नेणाऱ्या एका तिरसट नावाडणीचा त्यांचा गेम लोकांनी डोक्यावर घेतला होता.

पडदे पुसून झाले, धाकटी येऊन चित्राला बसली, तोच तिचा नवरा आला. एरवी तो या खोलीकडे फिरकत नसे. तो 'कंपनी'त होता.

कंपनी म्हणजे कोणती, हे या धंद्यात कोणी विचारत नाही. गेम ज्या यंत्रावर खेळतात ते यंत्र तिचं. गेम जिथून विकत घेतात ते ऑनलाइन दुकानही तिचंच. गेम बनवणारे एकोणीस स्टुडिओ तिने आजवर गिळले होते. आता तिला धंद्यातली दोन नंबरची कंपनीच गिळायची होती आणि सरकारच्या स्पर्धा आयोगाने सुनावणी लावली होती. कंपनीत गिळण्याला 'कुटुंबात सामावून घेणं' म्हणत. गिळलेलं बंद पाडणं म्हणजे 'पुनर्रचना'. हाकललेली माणसं म्हणजे 'माजी कुटुंबीय'. सरळ बोलायची लाज वाटली की शब्द बनवायला पगारी माणसं ठेवावी लागतात. धाकटीचा नवरा त्यांतलाच एक, आणि चांगल्या पगाराचा.

"ताई, एक छोटीशी सही हवी होती," तो म्हणाला आणि कागद पुढे केला.

थोरलीने वाचलं. आयोगाच्या नावे छापलेलं पत्र होतं. एक लहान गेमनिर्माती या नात्याने तिला हे विलीनीकरण फार आवडलं होतं म्हणे. त्यामुळे सृजनशिलतेला पंख फुटणार होते.

"'सृजनशीलता' चुकलंय. शी दीर्घ हवी."

"असेल हो. भावना महत्त्वाची."

"भावना कोणाची? मला तर हे आत्ताच कळतंय."

तो हसला. "सगळे सही करताहेत, ताई."

"आणि नाही केली तर?"

"तर काय? आम्ही काय गुंड आहोत? फक्त दुकानाच्या पहिल्या पानावर कोणाला ठेवायचं, हे ठरवणारी माणसं असतात. तीही शेवटी माणसंच."

धाकटीने चित्रावरची मान वर केली नाही. "करून टाक ना गं. एका सहीने काय जातंय?"

थोरलीने कागद घडी घालून पिशवीत टाकला. "बघते," म्हणाली आणि दुपारी मास्तरांकडे गेली.

दोघी बहिणींना हे काम मास्तरांनी शिकवलं होतं. त्यांचा स्टुडिओ कंपनीने चार वर्षांपूर्वी घेतला आणि चौदाव्या महिन्यात त्याची 'पुनर्रचना' केली. मास्तर स्वयंपाकघरात भांडी विसळत होते. नात टेबलावर अभ्यास करत होती.

"बारा वर्षं घातली त्या गेममध्ये," मास्तर म्हणाले. "कंपनीने तो दुकानातून काढला, सर्व्हर बंद केले. ज्यांनी पैसे मोजून घेतला त्यांच्याकडेही तो आता सुरू होत नाही. पुढचा भाग स्वतः काढतो म्हटलं, तर वकिलाचं पत्र आलं. पात्रं त्यांची आहेत म्हणे. म्हणजे मी जन्माला घातलेल्यांना मीच भेटायचं नाही."

"पण बंद का केला?"

"त्यांच्या दुसऱ्या गेमला आड येत होता. म्हणून तर घेतला होता."

नातीने मान वर केली. "आजोबा खरंच गेम करायचे का? आई म्हणते करायचे."

मास्तर पुन्हा विसळलेलंच भांडं विसळू लागले. त्या मुलीला दाखवायला त्यांच्याजवळ काहीच उरलं नव्हतं. थोरली घरी परतली ती ठरवूनच.

सुनावणीला कंपनीचे सहा वकील होते. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच समाधान, जणू तेही एकगठ्ठा विकत आणलेलं. लहान निर्मात्यांची त्रेचाळीस पत्रं त्यांच्या म्होरक्याने अभिमानाने उंच धरली. "हा या क्षेत्राचा उत्स्फूर्त आवाज आहे!"

आयोगाकडे हरकत नोंदवून आलेली थोरली उभी राहिली. "त्या आवाजाचा कोरा कागद माझ्याकडे आहे. सहीची जागा रिकामी आहे, बाकी उत्स्फूर्तता छापून आलीय. तिसऱ्या ओळीत 'सृजनशीलता' चुकलंय. तुमच्या पत्रांत बघा बरं."

आयोगाच्या एका सदस्याने चष्मा चढवला आणि पत्रं चाळली. दहाव्या पत्रानंतर त्याने चाळणं सोडलं.

"टंकलेखनातला दोष," वकील म्हणाला.

"त्रेचाळीस जणांच्या घरी? एकाच ओळीत?"

मागच्या बाकांवर हशा पिकला. वकिलाला घाम फुटला नाही, त्याचेही पैसे मिळत असावेत. "बाई, तुमच्यावर कोणी सक्ती केली का?"

"छे. यंत्र तुमचं, दुकान तुमचं, पत्रही तुमचं. फक्त सही तेवढी माझी हवी होती."

सहा आठवड्यांनी निकाल लागला. आयोगाने दोन पानं चिंता व्यक्त केली आणि तिसऱ्या पानावर परवानगी दिली. कंपनीने दहा वर्षं नीट वागावं, अशी अट होती. ती नीट वागते की नाही, याचा अहवाल कंपनीच देणार होती.

पुढच्याच आठवड्यात नावाडणीचा गेम दुकानाच्या पहिल्या पानावरून गेला. नाव टाकून शोधलं तरी आधी कंपनीचाच एक होड्यांचा गेम दिसे. महिनाभरात अकराशे माणसं माजी कुटुंबीय झाली. चार मिनिटांच्या व्हिडिओत त्यांना तसं कळवण्यात आलं. धाकटीचा नवरा त्यांत होता.

तो खोलीत येऊन खुर्चीवर बसला. 

"ती पत्रं मीच लिहिली होती," म्हणाला.

"मग हे माझ्या अपिलात सांगा. निकालाविरुद्ध अपील करायला अजून महिना आहे हातात."

"निघताना सही करून घेतलीय, ताई. कुठे बोलायचं नाही म्हणून."

"म्हणजे तुम्हालाही छापील कागदच मिळाला तर."

"पुरे ना, ताई!" धाकटी कडाडली. "तू सही केली असतीस तर निदान आपला गेम तरी वाचला असता."

"स्टुडिओ देताना मास्तरांनीही सही केली होती," थोरली म्हणाली. 

थोरलीने आयोगाच्या कागदांतून सही करणाऱ्यांची यादी काढली आणि फोन लावायला घेतले. कोणी नाव ऐकताच फोन ठेवला. एकाने घरात दोन लहान मुलं आहेत एवढंच सांगितलं. थोरलीला त्यांचा राग आला नाही. भित्र्या माणसांचा गठ्ठा बांधून जो त्यांना 'आवाज' म्हणून विकतो, त्याच्यासाठी तिने तो राखून ठेवला होता. आणि थोडा तुमच्याआमच्यासाठीही. त्या यंत्राचं चकचकीत खोकं घरी आणताना आपण कोणी विचारतो, आत आणखी कोणाकोणाला कोंडलंय ते?

आठवा फोन अंधांसाठी आवाजाचे गेम बनवणाऱ्या एका बाईंनी उचलला.

"आयोगाकडे गेलेलं तुमचं पत्र तुम्ही लिहिलं होतं?"

"वाचलंसुद्धा नव्हतं," बाई हळू म्हणाल्या. मग विचारलं, "तुमच्याबरोबर किती जण आहेत?"

"अजून कोणी नाही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांबा, दार लावून घेते," बाई म्हणाल्या. "मग सगळं सांगते. लिहून घ्या."