गाईडात न मावलेला बाजार

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. मुखेडच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझं वास्तव्य. माझी शिवण उसवली आहे, पण म्हणून माझी कीव करू नका. कीव केली की माझं डोकं फिरतं.

माझा जन्म नायजेरियातला. तिथल्या इग्बो लोकांमधल्या एका बाईने मला लिहिलं आणि नांदेडच्या एका मास्तरांनी मराठीत आणलं. माझ्या गोष्टीतल्या गावाचा आठवडा चार दिवसांचा, आणि दर चौथ्या दिवशी बाजार. पाहुणा आला की आधी कोला नावाच्या झाडाचं बी फोडून वाटायचं, मगच बोलायचं. अशा गावात गोरा साहेब आला. कधी कधी बाजार रविवारी पडायचा आणि माणसं चर्चमध्ये प्रार्थनेला यायची नाहीत, म्हणून त्याने बाजाराचा दिवसच बदलला. हुकूम चालवायला गावातलाच एक माणूस मुखिया नेमला. असा वरून लादलेला मुखिया त्या गावाने कधी पाहिला नव्हता. मग बाजारातल्या बायका उठल्या, मुखियाच्या दारात ठाण मांडून बसल्या आणि गाणी म्हणत त्याची लक्तरं काढू लागल्या. अन्याय करणाऱ्याला वठणीवर आणायची त्यांची ती जुनी रीत होती.

एवढं सगळं पोटात घेऊन मी अभ्यासक्रमाला लागले. आधी हुरळून गेले. पण पोरं मला शिवतील तर शपथ! ती वाचतात गाईड. त्या दीड बोटाच्या गाईडात लिहिलं आहे, ‘इग्बो समाज अडाणी होता. त्यांना आठवडाही नीट मोजता येत नसे. गोऱ्यांनी त्यांना शिस्त लावली.’ असं मी एकाही पानावर म्हटलेलं नाही! वर्षानुवर्षं हे खोटं माझ्या नावावर खपतं आहे.

यंदा मात्र बी.ए.च्या शेवटच्या वर्षातल्या सुमय्याने मला घरी नेलं. तिचे अब्बा, खाजामियाँ, आठवडी बाजारात बांगड्या विकतात. “फर्स्ट क्लास आला तरच लातूरला एम.ए.ला धाडीन,” असं त्यांनी तिला बजावलं होतं. संध्याकाळी ते बांगड्यांचे जोड लावत बसत आणि ती मला मोठ्याने वाचून दाखवी. बाजाराचा दिवस बदलला, तिथे त्यांचा हात थांबला.

“बाजाराचा वार बदलनारा ह्यो कोन लागून गेला?” ते म्हणाले. “मी असतो तर जाग्यावरून हाललोच नसतो.”

माझी शेवटची पानं राहिली आणि तोंडी परीक्षा आली. राजशेखर सरांनी विचारलं, “गोऱ्यांच्या राजवटीचा इग्बो समाजावर काय परिणाम झाला?”

“चालता बाजार मोडला, सर,” सुमय्या म्हणाली. “गावातलाच मानूस गावाच्या उरावर बसवला. अन् वरून त्यांनाच अडाणी म्हनले.”

“गाईडात हाय तेवढं सांग. मार्क जातील बघ.”

“गाईडात हाय ते पुस्तकात न्हाई, सर. मार्क जाऊ द्या.”

मी तिच्या हातातच होते. अभिमानाने माझा ऊर भरून आला.

मार्क गेलेच. फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला. मी परीक्षेच्याच दिवशी फळीवर परतले होते. आता ही पोरगी माझं तोंडही पाहणार नाही, असं मला वाटलं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयात हजर. ग्रंथपाल मलप्पा चक्रावले. “परीक्षा झाली की गं. आता कशाला?”

“अब्बा ऐकून न्हाई राहिले. मी लातूरचं काढलं, तर म्हनले, ते बघू मागून. आधी त्या बायांना बाजार वापस भेटला का, ते वाचून दाखव.”

परीक्षा संपल्यावर मला मागणारी ती पहिलीच.

मित्रांनो, बायांना बाजार मिळाला की नाही, ते मी इथे सांगणार नाही. गाईडातही ते सापडणार नाही. मला जपायचं असेल तर पुठ्ठे चढवू नका, कपाटात पुजू नका. वाचा, आणि माझ्या नावावर कुणी खोटं खपवलं तर उभं राहून बोला. घाई मात्र करू नका. सध्या मी खाजामियाँच्या घरी आहे. तुम्हाला थांबावं लागेल.