मापाच्या कोपऱ्यातला पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. पूर्वी गडद हिरवा होतो. आता कोणत्या रंगाचा आहे, यावर दुमत आहे. शिवणकामाच्या दुकानात, माप घ्यायच्या कोपऱ्यापुढे मी टांगलेला असतो. पडद्याला दोनच कामं असतात, उघडणं आणि बंद होणं. पुढाऱ्यांच्या तोंडालाही तीच दोन नेमून दिलेली आहेत, पण त्यांना त्यांतलं एकच जमतं.

माझा जन्म एका पुढाऱ्यामुळेच झाला. त्याच्या सभेत मंचामागे लावायला हे कापड दुकानात आलं होतं. दुकानाच्या मालकीणबाईंनी ते बेतलं, एका कडेला टीपही घातली, आणि तेवढ्यात पुढाऱ्याने पक्ष बदलला. नव्या पक्षाचा रंग निराळा होता. माणसाला बसल्या जागी रंग बदलता येतो. कापडाला उकळावं लागतं. कापड न्यायला कोणी फिरकलं नाही, तेव्हा बाईंनी मला कड्या लावल्या आणि कोपऱ्यापुढे चढवलं. एवढी मोठी सभा हुकली म्हणून मी काही दिवस हिरमुसलो होतो. पुढे कळलं, की लोक चारचौघांत एक बोलतात आणि पडद्याआड दुसरं. त्यातलं दुसरं माझ्या वाट्याला आलं होतं.

माझ्यासमोर एक बाक होता. त्यावर रोज संध्याकाळी दोघे येऊन बसत: एक निवृत्त हेडक्लार्क आणि दुसरे शेजारचे घड्याळ दुरुस्त करणारे. त्यांना शिवायचं काही नसे, ते देश उसवायला येत. महागाई, निवडणूक, मोबाइल, कोणती कंपनी कोणाच्या खिशात आहे, सगळ्याचा निकाल दिवेलागणीपर्यंत लागत असे.

"ज्याच्याकडे लपवायला काही नाही, त्याने घाबरायचं कशाला?" हे हेडक्लार्कांचं लाडकं वाक्य. "बघू देत सरकारला, बघू देत कंपन्यांना. आपण सरळ माणसं."

"मग तुमचा फोन द्या बघू इकडे," घड्याळवाले म्हणत.

"तुम्हाला का म्हणून देऊ? तुम्ही काय सरकार आहात?"

हेच हेडक्लार्क पँट शिवायला माझ्या आड आले, की आवाज खाली आणून सांगत, "आतून एक चोरखिसा ठेवा. आमच्या हिच्या हाताला लागणार नाही असा. आणि बाहेर बोलू नका हं."

बाई बाहेर बोलणार नाहीत, हे साऱ्या रस्त्याला ठाऊक होतं. बाकीच्या दुकानांत मास्तर कंबरेचा आकडा असा पुकारतात, की तो समोरच्या फुटपाथवर पोचतो. बाई आकडा उच्चारतच नसत. फीत अंगावरून काढायची, तशीच कापडावर ठेवायची आणि खडूने खूण करायची. "तोंडातून निघालं की ते दुसऱ्याचं झालं," असं त्या म्हणत. त्यामुळे गावातले लठ्ठ, वाकडे, एका खांद्याने उतरलेले असे सगळे त्यांच्याकडे बिनघोर येत.

शाळेची बस चालवणाऱ्या मावशीही येत. दर वर्षी गणवेशाचे दोन शर्ट शिवून घ्यायच्या. मुलं त्यांना 'हॉर्नमावशी' म्हणत, कारण त्या हॉर्न वाजवायच्याच नाहीत. खिडकीतून डोकं काढून नुसत्या बघायच्या, आणि पुढचा आपोआप बाजूला व्हायचा.

एका वर्षी त्या मोठ्या रजेवरून परतल्या आणि मापाला आत आल्या. त्यांनी शर्ट काढला, तेव्हा बाईंचा फितीचा हात जागीच थांबला. मावशींची एका बाजूची छाती आजारामुळे काढावी लागली होती.

"डॉक्टर म्हणाले, खडखडीत बरी झालीस, बस चालव," मावशी हळूच म्हणाल्या. "पण बसच्या मालकाला मी पोटाचं ऑपरेशन सांगितलंय. खरं कळलं तर तो मला स्टिअरिंगला हात लावू द्यायचा नाही. ताई, ती बस गेली ना, तर मी घरात बसून खरंच आजारी पडेन."

 बाईंनी शर्टाच्या आत मऊ कापसाची गादी शिवून दिली. बाकावरच्या दोन न्यायमूर्तींना पत्ताही लागला नाही. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम कोणतं, असं कोणी विचारलं, तर मी त्या संध्याकाळचं नाव घेईन. मी नुसता लोंबत होतो, पण नीट लोंबत होतो.

मग बाईंची नजर अधू झाली. खडूची रेघ फितीपासून भरकटू लागली. एका कोटाच्या दोन बाह्या दोन भावांच्या वाटाव्यात अशा झाल्या. अशा वेळी कंपनीचा माणूस आला. त्याच्याकडे एक उंच आरसा होता. समोर माणूस उभा राहिला की आरसा आपोआप माप घेई आणि आतल्या आत ठेवून देई.

"किती द्यायचे?" बाईंनी विचारलं.

"काहीच नाही. कंपनीतर्फे फुकट."

"फुकट म्हटलं की मला खाज सुटते," घड्याळवाले बाकावरून म्हणाले.

"तुम्हाला प्रगती बघवत नाही," हेडक्लार्क म्हणाले.

बाईंनी एकच गोष्ट विचारली. "हा आकडा मोठ्याने बोलून दाखवतो का हो?"

"छे, अजिबात नाही. अक्षर काढत नाही तोंडातून."

झालं. आयुष्यभर त्यांनी गुपित राखलं होतं ते गप्प राहून. तेव्हा जो गप्प तो विश्वासू, असा त्यांचा सरळ हिशेब होता. आरसा आत आला. माझ्या जागी कंपनीच्या नावाचा पांढरा प्लास्टिकचा आडोसा लागला आणि मला शिलाई मशीनवर आच्छादन म्हणून टाकलं. गिऱ्हाईक आत जाई, आरशावर लांबलचक मजकूर येई, खाली 'मान्य' असं बटण असे. वाचत कोणीच नसे. मान्य मात्र सगळ्यांना असे.

त्या वर्षी मावशीही आरशापुढे उभ्या राहिल्या.

नंतर एका संध्याकाळी त्या दुकानात आल्या, त्या गणवेशाशिवाय. बाक भरलेला होता. त्यांनी बाईंना मशीनपाशी बोलावलं, म्हणजे माझ्याच अंगाशी.

"ताई, तुम्ही कोणाला सांगितलंत का?"

"काय गं?"

"मालकाला विमा कंपनीचा फोन आला. तुमच्या त्या ड्रायव्हरबाईंची तब्येत शंकास्पद आहे म्हणे, छातीचं मोठं ऑपरेशन दिसतंय. काल मला बसवरून उतरवलं. आता शाळेच्या फाटकापाशी उभी राहून बाकीच्या गाड्यांना हात दाखवते." त्यांनी बोटांवर मोजलं. "डॉक्टर, तुम्ही आणि मी. चौथं कोणी नव्हतं, ताई."

बाईंचा चेहरा मी पाहिला. तो चेहरा मला पुन्हा पाहायचा नाही. त्यांनी मान वळवून प्लास्टिकच्या आडोशाकडे पाहिलं. "चौथा होता," त्या म्हणाल्या.

त्यांनी कंपनीला फोन लावला. आधी एका गोड आवाजाने पुन्हा पुन्हा सांगितलं, की आपली गोपनीयता आमच्यासाठी मोलाची आहे. बऱ्याच वेळाने जिवंत माणूस आला.

"आम्ही माहिती विकत नाही, मॅडम. सहयोगी संस्थांबरोबर वाटून घेतो. आपल्या ग्राहकांनी मान्य केलंय."

"विमा कंपनी तुमची सहयोगी आहे का?"

"ते सांगता येणार नाही. ते गोपनीय आहे."

बाईंनी आरसा उचलून न्यायला लावला. नेणाऱ्याला त्या म्हणाल्या, "आरसा ने, पण माझ्या माणसांची मापं ठेवून जा."

"ती इथे नसतात, मॅडम. ती वर असतात." त्याने बोट वर केलं. वर पंखा होता.

आरसा गेला, मापं गेली ती गेलीच. मला झटकून पुन्हा कड्यांत ओवलं, त्यांतली एक कडी तुटली होती. मावशी फाटकावरच राहिल्या. त्यांच्या जागी आलेला ड्रायव्हर वळणावळणाला हॉर्न वाजवतो, ते दुकानात ऐकू येतं, आणि बाईंचा हात प्रत्येक वेळी मशीनवर थबकतो.

हिवाळ्याच्या तोंडाशी मावशी आल्या. फाटकावर वारं लागतं, म्हणून कोट हवा होता. बाईंनी फीत गळ्यात घातली आणि मला सरकवायला हात पुढे केला.

"राहू द्या तो पडदा," मावशी म्हणाल्या. मग बाकाकडे वळून, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात बोलल्या, "माझी एक छाती काढलीय. साऱ्या जगाला कळलंय, तुम्हीच दोघे मागे राहिला होतात. ताई, इथेच घ्या माप. आता काय राहिलंय लपवायला?"

घड्याळवाल्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. हेडक्लार्कांनी तोंड उघडलं. त्यांचं ते वाक्य आता येणार, असं मला वाटलं. ते आलं नाही.

बाईंनी मावशींचा हात धरला. "लपवायचं म्हणून नाही गं," त्या म्हणाल्या. "आपलं अंग आहे. आपण दाखवू तेव्हाच कोणी बघावं, म्हणून." आणि त्यांना आत घेऊन त्यांनी मला ओढलं.

तुटलेल्या कडीपाशी माझी कड लोंबली आणि मोठी फट राहिली. हेडक्लार्क उठले. त्यांनी बाकाचं तोंड रस्त्याकडे फिरवलं आणि दुकानाकडे पाठ करून बसले. घड्याळवालेही निमूट त्यांच्या शेजारी बसले. आत फीत सरकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ खडूचा. रेघ वाकडीच आली असणार. कोणी तक्रार केली नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा तुम्हाला कोणीतरी हसत हसत विचारील, 'तुझ्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?' तेव्हा गडबडून खिसे उलटे करून दाखवू नका. 'तुम्हाला बघायचंय कशाला?' एवढंच उलट विचारा. आणि दुसऱ्याचा पडदा वाऱ्याने उडालेला दिसला, तर आधी आपली मान वळवा. मी जुना झालो आहे, विरलो आहे, उजेडापुढे धरलं तर माझ्यातून आरपार दिसतं. एकटा मी कोणाला पुरा पडणार नाही. बाकी काम तुमच्या मानांनीच करायचं आहे.