मशीनची टाच

मास्तरांच्या घरी एकदा जेवलेला पाहुणा पुन्हा जेवायला म्हणून येत नसे, आणि त्यात पाहुण्याचा काही दोष नव्हता. भाजी उकडलेली, डाळ उकडलेली, अंडं तर बोलूनचालून उकडायचंच. मीठ नावाला आणि तेल नावालाही नाही. शिवाय ताटात एकदा पडलं ते पडलं, दुसऱ्यांदा कुणालाही वाढायचं नाही, हा त्या घरचा कायदा. कायदा वहिनींचा होता आणि त्यावर अपील नव्हतं. नऊ वर्षं मास्तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होते आणि वर "छान झालंय" म्हणत होते.

म्हणत होते, कारण कायदा कशातून आला ते त्यांना ठाऊक होतं. नऊ वर्षांपूर्वीच्या एका रविवारी मास्तरांचे थोरले भाऊ, म्हणजे वहिनींचे यजमान, दुपारी पोटभर जेवले. तळलेले मासे होते. त्यांनी आणखी मागितले, वहिनींनी आणखी दोन तुकडे वाढले. चार वाजता ते खाली शिंपीकामाच्या दुकानात मशीनवर बसले आणि साडेचारला मशीनच्या चाकावर डोकं टेकवून गेले. वय सत्तेचाळीस, शरीर काडीपैलवानाचं. घरात रडारड चालू असताना कुणी एक लांबची आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "तळणं खाऊ घालून घालवलंस गं त्याला." ती आत्या दोन वर्षांनी स्वतः गेली, पण तिचं वाक्य काही गेलं नाही. वहिनींनी त्या आठवड्यात कढई माळ्यावर टाकली ती आजतागायत खाली आली नव्हती.

खाली दुकान, वर घर. राहणारी माणसं तीन. मास्तर कपडे बेतायचे आणि शिवायचे, वहिनी बटणं लावायच्या आणि दुमड घालायच्या. वहिनींची मुलगी, म्हणजे मास्तरांची पुतणी, चोवीस वर्षांची. ती ग्रंथालयात नोकरीला होती आणि तिने जन्मात मशीनला पाय लावला नव्हता. मास्तरांचं लग्न झालं नव्हतं. लोकांचे लग्नाचे कोट शिवता शिवता स्वतःचं राहून गेलं असं ते सांगायचे. खरं म्हणजे त्यांना कुणी पसंतच केलं नव्हतं, पण ते काही ते सांगत नसत.

यंदा मास्तरांनी सत्तेचाळिसावं गाठलं. त्यांनी ते कुणाला बोलून दाखवलं नाही, पण मशीनवर बसताना रोज एकदा मनात यायचंच.

अशात एका डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे चार पांढरे कोट शिवायला टाकले. मास्तर फिटिंग बघायला दवाखान्यात गेले. चपला काढून, तोंडात टाचण्या धरून ते जमिनीवर गुडघे टेकून बसले आणि कोटाच्या घेराला खडूने खूण करू लागले.

"मास्तर, हलू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "हलायचं नाही ते तुम्ही, बाई. खूण मी करतोय."

"तुमच्या टाचेमागची ही शीर एवढी जाड कशाने झाली?"

"ही होय? ही मशीनची टाच. पाय मारून मारून होते. आमच्या वडिलांची अशीच होती, दादाची अशीच होती." मास्तरांनी हे जरा ऐटीतच सांगितलं. घराण्यात दुसरं मिरवण्यासारखं काही नव्हतं.

"आणि पापणीपाशी हे पिवळट?"

"ते वयाचं असेल."

"वडील कशाने गेले?"

"झोपेत. एक्कावन्नाव्या वर्षी."

"आणि दादा?"

मास्तरांनी टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या. डॉक्टरबाई टाचण्या लावलेल्या कोटातून अलगद बाहेर आल्या, मास्तरांना त्यांनी खुर्चीवर बसवलं आणि दंडाला पट्टा बांधून रक्त काढलं.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. खराब कोलेस्टेरॉल दोनशे अडुसष्ट. डॉक्टरबाई म्हणाल्या की ते शंभरच्या आत असलेलं बरं.

"कुणाशी तरी अदलाबदल झाली असेल, बाई," मास्तर म्हणाले. "आमच्या घरात तेल फक्त मशीनला घालतात."

डॉक्टरबाई हसल्या, पण त्यांनी रिपोर्ट काही मागे घेतला नाही. त्यांनी समजावून सांगितलं. कोलेस्टेरॉल म्हणजे विष नव्हे, शरीराला ते लागतंच, आणि बरंचसं आपलं यकृत स्वतःच तयार करतं. त्यातलं खराब जे असतं ते रक्तातून उचलून घेणं हेही यकृताचंच काम. काही घराण्यांत ही उचलायची शक्ती जन्मापासूनच अधू असते. मग माणूस बारीक असो की जाड, ते साचत राहतं. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचतं, पापणीत साचतं आणि टाचेमागच्या शिरेतही साचतं.

"मशीन सगळेच शिंपी चालवतात, मास्तर. अशी टाच किती जणांची बघितलीत?"

मास्तरांना समोरच्या गल्लीतले म्हातारे शिंपी आठवले. चाळीस वर्षं मशीन मारून त्यांच्या टाचा लहान मुलीसारख्या होत्या. मास्तरांनी आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

मग काय काय करायचं ते डॉक्टरबाईंनी सांगितलं. रोज अर्धा तास भरभर चालायचं. डाळी, कडधान्यं, भाज्या, फळं भरपूर, लोणी आणि चरबी बेताने, तंबाखूचं तर नाव काढायचं नाही. "पण तुमच्या बाबतीत नुसत्या खाण्यावर भागायचं नाही. गोळी रोज लागेल, आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून ती सोडायची नाही. तो चांगला येतो गोळीमुळेच." मास्तर उठले तेव्हा त्या म्हणाल्या, "एक राहिलं. हे आईबापांकडून निम्म्या मुलांत उतरतं. दादांच्या मुलीला याच महिन्यात घेऊन या."

गोळ्यांचं मास्तरांना काही वाटलं नाही. ते हबकले या शेवटच्या वाक्याने. पुतणीला सांगायचं म्हणजे वहिनींना सांगायचं. आणि वहिनींना त्यात ऐकू काय येणार? नऊ वर्षं स्वतःच्या जिभेवर निखारा ठेवून उकडलेलं खाऊ घातलं, आणि दिराच्या रक्तात दोनशे अडुसष्ट. म्हणजे मी परत चुकले, असंच त्यांना ऐकू येणार. मास्तरांना वहिनींचा तो चेहरा एकदा बघावा लागला होता, पुन्हा बघायची त्यांची छाती नव्हती.

तेव्हा त्यांनी झाकली मूठ ठेवायचं ठरवलं. पण त्या घरात झाकणार कुठे? धुण्याआधी खिसे उलटे करणाऱ्या वहिनी, खण पुसणाऱ्या वहिनी. मास्तरांनी गोळ्या पाकिटातून सोडवल्या आणि दुकानाच्या वरच्या फळीवर विजोड बटणांचा जुना डबा होता त्यात टाकल्या. पांढऱ्या, गोल, शर्टाच्या बटणाएवढ्या गोळ्या बटणांत मिसळून गेल्या. रोज दुपारच्या चहाबरोबर मास्तर डब्यात बोट फिरवायचे आणि एक उचलून तोंडात टाकायचे.

पंधरा दिवस असे गेले. एका सकाळी पुतणी जिन्याच्या पायरीवर बसून टाचेला चिकटपट्टी लावत होती.

"नवे बूट लागले का गं?" मास्तरांनी विचारलं.

"नवे, जुने, सगळेच लागतात रे काका. मागची कड इथेच घासते."

मास्तर वाकले. टाचेमागे तीच जाड शीर होती. दादाची, वडिलांची, त्यांची स्वतःची. पुतणीने मशीनला कधी पाय लावला नव्हता. आज रात्री जेवताना सांगतो, असं त्यांनी ठरवलं. जेवताना वहिनींनी विचारलं, "भाजी बरी झालीय ना?" आणि मास्तर "छान झालीय" म्हणाले. आजचं मरण उद्यावर ढकलण्यात आणखी आठ दिवस गेले. या आठ दिवसांत पुतणी दिसली की त्यांची नजर आधी तिच्या पायांकडे जायची आणि स्वतःची शरम वाटायची.

मग शाळेच्या गणवेशांची घाई आली. सव्वाशे शर्ट, शनिवारपर्यंत. शुक्रवारी दुपारी पांढरी बटणं संपली. मास्तर टेबलावर कापड बेतत होते. वहिनी स्टुलावर चढल्या, फळीवरचा डबा काढला आणि पुन्हा दाराजवळच्या उजेडात जाऊन बसल्या. वहिनी बटणं बघून लावत नसत, त्यांच्या बोटांनाच भोकं सापडायची.

"भाऊजी, हे कसलं बटण आणलंत? सुई शिरेना. भोकंच नाहीत."

मास्तरांची कात्री कापडात होती तिथेच थांबली. वहिनींनी सुई जरा जोरात टोचली आणि बटणाचा मांडीवर भुगा झाला. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, बोट भुग्याला लावलं, जिभेला लावलं.

"कुणाची गोळी ही?"

"माझी."

"कशाची?"

"पित्ताची."

"पित्ताची गोळी कुणी बटणांत लपवत नाही, भाऊजी."

मास्तरांनी कात्री खाली ठेवली आणि रिपोर्टचं सगळं सांगितलं. वहिनी ऐकत होत्या. ऐकता ऐकता डब्यातल्या गोळ्या वेचून वेगळ्या करत होत्या. आकडा आला तेव्हा त्यांचे हात थांबले.

"उकडूनसुद्धा?" त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं उकडूनसुद्धा?"

चेहरा तोच होता, ज्याला मास्तर महिनाभर घाबरले होते. आणि त्या चेहऱ्याकडे बघताना त्यांना एकदम दुसरी गोष्ट दिसली. महिनाभर ती त्यांच्यासमोर होती आणि त्यांना दिसली नव्हती. जन्मभर कपडे उलट्या बाजूने शिवणाऱ्या माणसाला आधी तीच दिसायला हवी होती.

"वहिनी, उलटं बघा," ते म्हणाले. "उकडून माझं गेलं नाही ना? मग तळणाने दादाचं आलं नव्हतं. त्याची टाच आठवते? ती मशीनची नव्हती. वडिलांकडून आलेली होती. जन्मल्यापासून साचत होतं त्याच्यात. त्या दुपारच्या दोन तुकड्यांनी काही झालं नाही, वहिनी. ते दोन तुकडे त्याने मागून घेतले होते आणि त्याला आवडले होते, एवढंच."

वहिनींनी मांडीवरचा भुगा झटकला. रडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नऊ वर्षांत हे कुणी मला सांगितलं नाही."

"कुणाला माहीतच नव्हतं."

"तुम्हाला महिनाभर माहीत होतं."

"माझं चुकलं," मास्तर म्हणाले. "आणि अजून एक सांगायचं राहिलंय."

"तिची टाच," वहिनी म्हणाल्या. "मी आई आहे, भाऊजी. तिच्या चिकटपट्ट्या मीच आणते." त्यांनी मांडीवरचा शर्ट बाजूला ठेवला आणि ग्रंथालयात फोन लावला.

पुतणीचा आकडा दोनशे एकवीस निघाला. "बाबांनी माझ्यासाठी काहीच ठेवलं नाही म्हणायचीस ना आई? हे बघ, ठेवलंय की," ती म्हणाली, आणि हसता हसता तिने आईचा हात गच्च धरला. डॉक्टरबाईंनी सांगितलं की चोविसाव्या वर्षी कळलं ही मोठीच गोष्ट आहे. वडिलांना जो वेळ मिळाला नाही तो हिला मिळतोय. गोळी सुरू करायची, चालायचं, आणि पुढे कधी मूल हवं असेल तर आधी इथे येऊन विचारायचं, कारण त्या काळात ती गोळी चालत नाही. मास्तरांना गोळ्या पाकिटाबाहेर ठेवल्याबद्दल वेगळी बोलणी बसली.

"तुम्हाला काही विचारायचंय?" डॉक्टरबाईंनी वहिनींना विचारलं.

वहिनींनी पदराशी चाळा केला. विचारायचं एकच होतं, पण ते तोंडातून आलं ते वेगळ्या रूपात. "कढई वापरली तर चालेल?"

"चालेल की. तेल मात्र चमच्याने मोजून घाला."

रविवारी कढई माळ्यावरून खाली आली. ती घासायलाच अर्धा तास गेला. वहिनींनी मोजून दोन चमचे तेल घातलं, त्यात कांदा परतला, लसूण परतला आणि उकडलेला राजमा त्यात टाकला. तो वास जिन्यावरून खाली दुकानात उतरला, तेव्हा मास्तरांना आधी वाटलं शेजाऱ्यांकडे काहीतरी आहे.

तिघं जेवायला बसले. कुणी फारसं बोललं नाही. ताट संपल्यावर नऊ वर्षांच्या सवयीने मास्तर उठायला लागले.

"बसा," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या हातात डाव होता. "थोडं अजून घ्या, भाऊजी."

मास्तरांचं पोट भरलं होतं. त्यांनी ताट पुढे केलं.

जेवण उरकलं, पुतणी चालायला बाहेर पडली, वहिनी भांडी घासायला बसल्या. मास्तर खाली आले. दुकान बंद होतं, गणवेश मागच्याच शनिवारी गेले होते, हाताशी काही काम नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले, आणि वरचा भांड्यांचा आवाज थांबला. नळही बंद झाला. मास्तरांनी वर बघितलं. वर काहीच हालचाल नव्हती. दादाही असेच रविवारी जेवून चार वाजता मशीनवर येऊन बसले होते.

ते मशीनवर बसले. एक चिंधी सुईखाली घातली आणि पाय मारायला लागले. टीप सरळ जात राहिली, चिंधी संपली की ते ती उलटी फिरवून पुन्हा घालत. सव्वाचार झाले, साडेचार झाले. त्या वेळी तर त्यांनी पाय आणखी जोरात मारला, आवाज जिन्यावरून नीट वर जावा म्हणून. पावणेपाच झाले. चिंधीवर आता टीप मारायला जागा उरली नव्हती.

पाच वाजता वर नळ सुटला. भांडं भांड्याला लागलं.

"भाऊजी," वरून वहिनींचा आवाज आला. जरा जड होता, पण आवाज होता. "पुरे आता. चहा टाकलाय."