चौकातली दोन कोर्टं

सात खुंट्या होत्या. चार जमिनीच्या चार कोपऱ्यांवर, दोन ओढ्याच्या काठाने, आणि सातवी मोझेल आत्याच्या स्वयंपाकघराच्या पायरीपासून हातभर अंतरावर, पुदिन्याच्या वाफ्यात. सगळ्या ताज्या लाकडाच्या, प्रत्येकीच्या डोक्याला गुलाबी फीत. रेनिटाने त्या दोनदा मोजल्या. ती शहराच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. एकदाच घेतलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही तिथली सवय तिला घरीही सुटत नव्हती.

"कोणी ठोकल्या, आत्या?"

"दोन पोरगे होते. चांगले होते गं. टोप्या काढून बोलले. मी त्यांना गार चहा दिला."

"तू त्यांना चहा दिलास?"

"मग काय उन्हात मरू देऊ? मी विचारलं, शेजारच्यांची मोजणी चाललीय का? तर मोठा म्हणाला, नाही मॅडम, ह्याच जागेची. मालकाने सांगितलंय. मी म्हटलं, मालकीण तर मीच. त्यावर त्याने टोपी घातली. पेला मात्र धुऊन ठेवला त्याने."

आत्या हसली, पण तिचा एक हात दाराच्या चौकटीवरून हलला नाही.

रेनिटाने तिथेच पायरीवर बसून फोनवर शहराची वेबसाइट उघडली. क्वारी रोड, घर क्रमांक ४१८. मालक: लेविन पेटावे यांचे वारस. घरपट्टी भरलेली. लेविन म्हणजे तिचे आजोबा, आत्याचे वडील. ही जमीन त्यांनी गिलियम नावाच्या गोऱ्या शेतकऱ्याकडून घेतली होती, आणि घरही स्वतःच्या हाताने बांधलं होतं.

"बघ," आत्या म्हणाली, "शहरालाच ठाऊक आहे कोणाचं आहे ते."

रेनिटालाही हायसं वाटलं. मग ती पुन्हा वाफ्यातल्या खुंटीकडे बघत बसली. दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि चौकात गेली.

केल्बर्न शहर कुठल्याही काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, मोडत नाही. लँबेथ काउंटी त्याला चहूबाजूंनी वेढून बसली आहे, आणि त्या काउंटीचं जुनं कोर्ट मात्र शहराच्या ऐन चौकात उभं आहे, घरजावयासारखं. पांढरे खांब, वर घंटा. समोर, हिरवळीच्या पलीकडे, शहराचं स्वतःचं कोर्ट: विटांचं एक खोकं, खिडक्या लहान.

शहराच्या हद्दीतल्या जमिनींच्या नोंदींची खोली विटांच्या कोर्टाच्या तळमजल्यावर होती. तिथे कोणीही जाऊन बसावं, काहीही उघडावं. कशाला हवंय, असं विचारायची पद्धत नाही. पलीकडच्या टेबलाशी पँटला खांद्यावरून पट्टे लावलेला एक सडपातळ म्हातारा बसला होता. नोंदींच्या बाई, मिसेस ओव्हरबी, त्याच्याशी घरच्यासारख्या बोलत होत्या.

"आज पण आलात, मिस्टर स्टिथ?"

"तुझ्याशिवाय करमत नाही."

"माझ्याशिवाय की माझ्या कागदांशिवाय?"

"तुम्हा दोघांचा वास आता सारखाच येतो मला."

रेनिटाने संगणकाच्या सूचीत पेटावे नाव टाकलं. आजोबांनी विजेच्या खांबासाठी दिलेली परवानगी सापडली. जमीन घेतल्याचं खरेदीखत सापडलं नाही. तिने नाव चुकीच्या अक्षरांनी लिहून पाहिलं, मधलं नाव आधी टाकून पाहिलं, आजीचं नाव टाकून पाहिलं. मग गिलियम टाकलं. गिलियमच्या नावावर सबंध सूचीत एकच कागद होता, आणि तो जेमतेम दीड महिन्याचा: वारसांचं प्रतिज्ञापत्र. वारस एकच, ॲरिझोनात राहणारा नातू. मिळकत: क्वारी रोड.

तिने तो कागद दोनदा वाचला.

"मिसेस ओव्हरबी, माझ्या आजोबांचं खत इथे दिसत नाही. वेबसाइटवर तर त्यांचं नाव आहे."

"ती घरपट्टीवाल्यांची, बाळा. बिल कोणाला धाडायचं एवढंच त्यांना ठाऊक. जमीन कोणाची, ते ह्या खोलीत ठरतं."

"आणि ह्या खोलीत खतच नसेल तर?"

बाईंनी आवाज खाली आणला. "मी वकील नाही. सल्ला दिला तर माझ्या नोकरीवर येईल. पण ह्या खोलीतल्या खुर्च्यांनासुद्धा पाठ आहे ते सांगते. एकच जमीन दोनदा विकली गेली, दुसऱ्या घेणाऱ्याला पहिल्याची खबर नव्हती, आणि त्याचं खत इथे आधी नोंदलं गेलं, तर जमीन त्याची. आधीच्याने काय बांधलं, किती वर्षं राहिला, ते मग कोर्टात रडत बसायचं."

रेनिटाने आत्याला फोन लावला. आत्याला कमी ऐकू यायचं, म्हणून जरा मोठ्यानेच बोलावं लागलं.

"आत्या, आजोबा खत नोंदवायला गेले तेव्हा तू बरोबर होतीस ना?"

"होते की. अकरा वर्षांची होते. नवे बूट चावत होते."

"कुठल्या कोर्टात?"

"कुठल्या म्हणजे? कोर्टात. खांबवाल्या."

"खांबवालं काउंटीचं आहे, आत्या. आपला रस्ता तोवर शहरात आला नव्हता का?"

"अगं, नाताळानंतर आला! ईस्टरला आम्ही गेलो. रात्री झोपलो ते काउंटीत, सकाळी उठलो ते शहरात, आणि दार वाजवून कोणी सांगितलं नाही. माझ्या आज्यापणज्यांचे सगळे कागद खांबवाल्या कोर्टात. त्या विटांच्या कोर्टात आपली माणसं गेली की शिक्षा घेऊनच बाहेर यायची. बाबा कशाला पायरी चढतील तिची? गिलियम पण म्हणाला, आपलं नेहमीचं कोर्ट बरं."

"म्हणजे खत चौकापलीकडे आहे," रेनिटा म्हणाली.

पलीकडच्या टेबलावर पेन थांबलं. ते तिला ऐकू आलं, पण ती तेव्हा आधीच पर्स उचलत होती.

खांबांच्या कोर्टात खोली थंड आणि रिकामी होती. जुनी बाडं लोखंडी रुळांवर आडवी ठेवलेली. तिने त्या वर्षीची सूची काढली, बोट खाली खाली नेलं, आणि पेटावे तिथे होतं. पान उघडलं. गिलियमची तिरकी सही, शिक्का, आणि खाली टंकलेलं: लेविन पेटावे आणि त्याची पत्नी रूबी, यांस कायमचं. शहर हद्द वाढवून क्वारी रोडवर आलं त्याला त्या दिवशी तीन महिने झाले होते. खत खरं होतं, पूर्ण होतं, आणि भलत्याच इमारतीत होतं.

"इथलं पाणी फार गार असतं."

स्टिथ तिच्या मागे उभा होता. हातात कागदी पेला, काखेत तपकिरी फाइल. पेपरमिंटचा वास येत होता.

"मी नेहमी इथेच येतो प्यायला," तो म्हणाला.

"तुम्ही हे वाचताय."

"मी? छे. माझा चष्मा तिकडे टेबलावर राहिला." चष्मा त्याच्या छातीवर दोरीने लटकत होता. "मिस पेटावे, मी चाळीस वर्षं लोकांच्या जमिनींचे जुने कागद शोधतोय. टॅलो रिज कंपनी मला शहरातल्या नोंदी बघायचे पैसे देते. काउंटीतल्या बघायचे देत नाही. का, ते मी विचारत नाही."

"गिलियमच्या नातवाने त्यांना विकली?"

"विकली. सही होऊन आठवडा झाला. मी शुक्रवारी नोंदवणार होतो. शुक्रवारी गर्दी कमी असते."

"पण आता तुम्हाला खबर आहे. माझ्या आजोबांनी आधी घेतली, हे तुम्हाला कळलंय. मग कंपनीचा हक्क लागत नाही."

"काय कळलंय मला?" त्याने खरंच कुतूहलाने विचारलं, तोंडी परीक्षेत मास्तर विचारतात तसं. तिची नजर खोलीभर फिरून परत त्याच्याकडे येईपर्यंत तो थांबला. साक्षीला कोणी नव्हतं. "मी पाणी प्यायलो. तुम्ही काहीतरी वाचत होता. तुमच्या आत्याबाईंना नमस्कार सांगा. मोजणीची पोरं म्हणत होती, चहा झकास होता."

त्याने पेला चुरगळून डब्यात टाकला आणि तो गेला.

रेनिटा बाड उचलून काउंटरकडे धावली. "ह्या पानाची शिक्क्याची नक्कल हवी. आत्ता."

"आत्ता सगळ्यांनाच हवी असते," काउंटरवरचा कारकून म्हणाला. त्याने यंत्र सुरू केलं, ते तापायला लागलं. नक्कल काळी आली. त्याने काच पुसली, पुन्हा काढली. "शिक्का मोठ्या बाईंकडे असतो, आणि त्या वर न्यायाधीशांपुढे उभ्या आहेत. येतील एवढ्यात."

"मी वर जाऊ?"

"गेलात तर त्या तुम्हालाच आत टाकतील." तो हसला. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने हसणं आवरलं आणि स्वतःच जिना चढून गेला.

खिडकीतून चौक दिसत होता. स्टिथ हिरवळीच्या मधल्या वाटेने चालला होता. तो घाई करत नव्हता. रस्त्याशी आल्यावर त्याने दोन्हीकडे बघितलं, एका बाईची बाबागाडी फूटपाथवर चढवून दिली, आणि विटांच्या कोर्टाचं दार तिच्यासाठी उघडं धरून तिच्या मागून आत गेला.

शिक्का आला. रेनिटाने हिरवळ तुडवत चौक ओलांडला. नोंदींच्या खोलीत मिसेस ओव्हरबींनी तिच्यासमोर एक कोरा फॉर्म सरकवला, तिच्या डोळ्यांत न बघता. मिळकतीचा क्रमांक, विकणारा, घेणारा, आणलं कोणी. तिने भराभर लिहिलं. अक्षर तरी नीट येईल एवढं तिने पाहिलं. स्टिथ आपल्या टेबलाशी चष्मा लावून वर्तमानपत्र वाचत होता. तपकिरी फाइल बंद करून बाजूला ठेवलेली.

बाईंनी कागद यंत्रात सरकवला. यंत्राने तो ओढून घेतला, छापला, बाहेर टाकला.

"माझ्याआधी कोणतं आलं?" रेनिटाने विचारलं.

"सगळ्यांना बघायला मोकळं आहे, बाळा," मिसेस ओव्हरबी म्हणाल्या, आणि त्यांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

दस्त १९४३. गिलियमच्या नातवाकडून टॅलो रिज कंपनीस. अकरा वाजून अडतीस मिनिटं.

दस्त १९४४. गिलियमकडून लेविन पेटावे यांस. अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटं.