उजवी टाकी

खिडकीपाशी माशांच्या दोन टाक्या शेजारी शेजारी होत्या. डावीकडच्यांना ती शेवाळाची हिरवी पूड मिसळलेलं खाद्य देई, उजवीकडच्यांना साधं. रंग शेवाळाने चढतो की वयाने, हे कळायला एक टाकी साध्या खाद्यावर ठेवावीच लागते, हे तिने आईला दहादा समजावलं होतं.

दुपारी ऊन टाक्यांत उतरलं की छतावर लाटा हलू लागत आणि खुर्चीत बसलेली आई पाण्याखाली गेल्यासारखी दिसे. डावीकडचे दुधी रंगाचे मासे हळूहळू पिवळे झाले, मग केशरी. हिरवं खाऊन मासा केशरी कसा होतो, याचं तिला रोज नव्याने नवल वाटे.

पण दोन महिन्यांनी पाहते तर उजवी टाकीही तशीच केशरी.

"म्हणजे रंग वयानेच आला," ती वैतागून म्हणाली. "मेहनत सगळी फुकट."

पुडीचा डबा टाकून द्यायला तिने उचलला, तर तो हलका लागला. अर्धा तरी उरायला हवा होता, तो तळाला गेला होता.

तिने वळून पाहिलं. आईची बोटं हिरवी होती.

"आई, तू घालत होतीस?"

"मग काय करू? काचेला तोंड लावून उजवीकडचे बिचारे शेजारच्यांचं जेवण बघत बसायचे." आईची नजर छतावरच्या लाटांवरून हलली नाही. "तुम्हा दोघी बहिणींना वाढताना मी कधी एकीचं ताट साधं ठेवलं का गं, कोण कशी दिसते ते बघायला?"