मिसबाईची खुर्ची

मिस प्रिचर्ड वेल्समधून सोलापुरात आली ती मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला. इंग्रजी सोडून इथलं दुसरं काही तिला येत नव्हतं. पहिले दोन महिने तर गिरणीचा भोंगा झाला की ती दचकून उठायची, नळाचं पाणी उकळून प्यायची आणि शाळेमागच्या आपल्या खोलीत पाव नि उकडलेली अंडी खाऊन झोपायची. त्याच शाळेत गंगाधर शास्त्र शिकवायचा. बी.एस्सी. होऊन पुण्याहून नुकताच परतलेला, बोलायला मोजका. इथल्या रीतीभातींबद्दल तिनं काही विचारलं की एखाद्या प्रयोगाची कृती सांगावी तसा तो नेमकं सांगायचा. चपला कुठं काढायच्या, कुणाला वाकून नमस्कार करायचा, मुलींच्या आया भेटल्या तर काय विचारायचं. ती तसंच करायची आणि ते बरोबर निघायचं. त्यामुळं गंगाधरचा शब्द तिच्या लेखी पुस्तकासारखा झाला.

त्यानंच तिला एकदा घरी आणलं. त्याचे वडील आबासाहेब कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. त्यांचं सगळं इंग्रजी अर्जांतलं. त्यांनी उठून, हात जोडून, आपण तिच्या आगमनाची नम्रपणे दखल घेत आहोत, असं इंग्रजीत सांगितलं, तेव्हा मिसबाईला हसू आवरेना. आबाही हसले. त्या दिवशी ती सोप्यात खुर्चीवर बसली होती. पुढच्या खेपेला आबांनीच तिला आत बायकोकडं नेलं.

"सोजर, पोरीला पाट दे. खुर्चीवर बसून भाकरी कशी खायची?"

तेव्हापासून दर रविवारी मिसबाई चुलीपाशी पाटावर बसू लागली. आबा तिला भाकरी मोडायला शिकवायचे, कांदा बुक्कीनं फोडायला लावायचे. शेंगाचटणीनं तिच्या डोळ्यांत पाणी आलं की म्हणायचे, "हं, आता झालीस सोलापूरची!" ती आबांना साधं इंग्रजी बोलायला लावायची. गंगाधरच्या आईला, सोजरबाईला, त्यातलं काही कळत नव्हतं. तरी ती तव्यावरची भाकरी उलटत मधेच म्हणायची, "घे गं, अजून एक घे. लई वाळलीस की." भोंग्याला ती दचकेनाशी झाली ती याच दिवसांत.

थंडीत एका दुपारी आबासाहेब वर्तमानपत्र वाचता वाचता खुर्चीतच गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बायांची रीघ लागली. त्यांच्याकडची रीत अशी, की बाई दारात आली की घरातल्या बाईनं तिच्या गळ्यात पडायचं, मोठ्यानं रडायचं, आणि रडता रडता गेलेल्या माणसाचं नि आलेल्या बाईचं काय नातं होतं ते सांगायचं. शेजारची मायाक्का आली तेव्हा सोजरबाई म्हणाली, "तुझ्या पोरांची पत्रं वाचून दावणारा गेला गं!" दूधवाली सिद्धम्मा आली तेव्हा म्हणाली, "तुझ्याशी कानडीत भांडणारा गेला गं सिद्धम्मा!" आणि सिद्धम्मानं कपाळ बडवून घेतलं. दुःखाच्या घरात कुणी चहा विचारत नाही, पाणी विचारत नाही. रडायचं, बसायचं, न सांगता उठून जायचं.

गंगाधर हे सगळं ओट्यावर बसून ऐकत होता. तेवढ्यात त्याला गल्लीच्या तोंडाशी मिसबाई दिसली. ती पुढं येत नव्हती. तो उठून तिच्याकडं गेला. तिचे डोळे सुजले होते.

"मी आत येऊ का?" तिनं इंग्रजीत विचारलं. "तुमच्याकडं काय करतात मला ठाऊक नाही. तुम्ही सांगाल तसं करते."

त्याच वेळी घरातून नवा हंबरडा उठला. कुणीतरी आलं होतं. आईचा तो सूर, ती शब्दांची लांबण, छाती पिटल्याचा आवाज. मिसबाईनं चमकून घराकडं पाहिलं. गंगाधरच्या कानशिलांत रक्त चढलं. ही आत जाणार, आई हिच्या गळ्यात पडणार, कपाळावरचे केस सुटलेले, नाक वाहतंय, आणि उद्या ही वेल्सला लिहिणार.

"नको," तो म्हणाला. "आमच्यात बाहेरच्या माणसांनी या दिवसांत यायची पद्धत नाही. घरच्यांनीच यायचं असतं."

ती मान हलवून निघून गेली. त्याच्या सांगण्यावर तिनं शंका घेतली नाही. कधीच घेतली नव्हती.

संध्याकाळी आईनं विचारलं, "मिसबाई आली न्हाय?"

"त्यांच्यात जात नाहीत," गंगाधर म्हणाला.

"त्यांच्यात मेल्या माणसाला रडत न्हाईत व्हय?"

"मनातल्या मनात रडतात."

करकंबहून आलेली आबांची बहीण, गोजरआत्या, फणकारली. "मनात म्हनं! हितं बसून भाकऱ्या खाल्ल्या त्या काय मनात खाल्ल्या व्हय?"

"गप बसा, वन्सं," सोजरबाई म्हणाली. "येईल ती. तिला कुणी सांगितलं नसंल."

पण रोज दाराची कडी वाजली की ती मान वर करून बघायची, आणि गंगाधरला ते दिसायचं. दोनदा शाळेत मिसबाईजवळ जाऊन तो उभा राहिला. दोन्ही वेळा त्यानं बोलणं मुलींच्या परीक्षेवर आणलं. एकदा सांगितलेली रीत खोटी होती असं म्हणायचं, तर का सांगितली तेही सांगावं लागणार होतं.

तेरावा उरकला, पाहुणे गेले, तशी मिसबाई आली. आता चालेल, असं तिला गंगाधरनंच सांगितलं होतं. दाराशी उभं राहून तिनं पाठ केलेलं मराठी वाक्य म्हटलं. "आबा गेले, मला फार वाईट वाटतं."

सोजरबाई उठली. गंगाधरला वाटलं, आता रडेल. पण तिनं पदर नीट केला आणि सोप्यातली खुर्ची पुढं ओढली.

"बसा बाई."

मग ती आत गेली आणि कपबशीत चहा घेऊन आली. ती कपबशी मामलेदार आले तरच फळीवरून खाली यायची. "घ्या," ती म्हणाली, आणि उंबऱ्यापाशी उभी राहिली. मिसबाईनं चहा घेतला. चुलीकडं दोनदा पाहिलं. आत ये, असं कुणी म्हटलं नाही.

त्यानंतर ती रविवारची आली नाही. शाळेचं वर्ष संपलं तसं तिनं नगरला बदली मागून घेतली. गंगाधर स्टेशनवर पोचवायला गेला.

"तुमच्या आईनं मला काही कमी केलं नाही," गाडीच्या खिडकीतून ती म्हणाली. "पण शेवटी मी पाहुणीच. हे मला आधी कळायला हवं होतं. मला उगाच वाटत होतं, की इथं माझं घर आहे."

गाडी हलेपर्यंत गंगाधरला तोंड उघडायला वेळ होता.

घरी आला तेव्हा आई चुलीपाशी बसली होती.

"गेली?"

"गेली."

"ती आली असती तर तिला काय म्हणायचं ते मी ठरवून ठेवलं हुतं," सोजरबाई म्हणाली. आवाजात सूर नव्हता, बाजारहाटाचं सांगावं तसं सांगत होती. "'तुला भाकरी मोडायला शिकवणारा गेला गं पोरी.' बाकीच्यांना म्हटलं ते तवाच सुचलं. हे तेवढं आदी ठरवलं हुतं. आता कुणाला म्हनू?"

गंगाधर भिंतीला टेकून खाली बसला.

"ती आली होती, आई. दुसऱ्याच दिवशी. गल्लीच्या तोंडाशी उभी होती. मीच नको म्हणालो."

"का रं?"

सोजरबाईनं बराच वेळ त्याच्याकडं पाहिलं.

"आमच्या रडन्याची लाज वाटली व्हय तुला?"

त्यानं मान खाली घातली. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, विस्तव झाकला आणि उठली. रागावली नाही, एक अक्षर जास्त बोलली नाही. ते त्याला बरं वाटलं, म्हणून तो झोपू शकला.

सकाळी तोंड धुऊन तो नेहमीसारखा चुलीपाशी गेला. पाट भिंतीला उभा लावलेला होता.

"भाईर ठेवलाय," आई त्याच्याकडं न बघता म्हणाली.

सोप्यात खुर्चीपुढं, स्टुलावर, मामलेदारांच्या कपबशीत चहा होता.